बस औंढ्याला थांबली होती

कांताबाई, तुम्ही म्हणता मोबाईलनं बाईमाणसाला आधार झाला. मीही तेच म्हणत होते, मग ऐका.

माझ्या बहिणीची रेखा नवऱ्याचा मार चुकवून कुरुंद्याला माझ्याकडं आली. चार दिवस मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पाचव्या दिवशी तिला हिंगोलीहून रेल्वेनं तिच्या भावाकडं पोचवायचं ठरलं. फोन तिनं आल्यापासून बंदच ठेवला होता. निघताना म्हणाली, "मावशी, हा इथंच राहू दे. त्यानंच घेऊन देल्ला." मी खेकसले, "येडी हायस का? अडचणीत कुणाला हाका मारशील?" चालू करून मीच तिच्या पिशवीत घातला.

हिंगोलीच्या स्टँडवर उतरलो, तर जावई समोर उभा.

"जयभीम, मावशी."

"तुला कोनं सांगितलं रे?"

"कोन कशाला सांगंल? तुमची बस औंढ्याला लई वेळ थांबली ना? मी पाहूनच राहिलो होतो."

त्यानं आपला मोबाईल माझ्यापुढं धरला. नकाशावर स्टँड, अन् स्टँडवर एक ठिपका. बायकोला फोन देतानाच त्यानं त्यात स्वतःचं खातं घालून ठेवलं होतं; फोन चालू झाला की तो कुठं आहे ते त्याला दिसायचं.

मी त्याची गचांडी धरली, बोंब मारली. माणसं गोळा झाली. सोडवायला एकही हात पुढं आला नाही, सगळ्या हातांत मोबाईल, सगळ्यांचं शूटिंग चालू.

रेखानं पदर तोंडावर ओढला. "सोडा त्याला मावशी, सगळे व्हिडिओ काढून राहिले वो," म्हणाली, आणि त्या गर्दीतून सुटायला आपल्या पायानं चालत जाऊन त्याच्याच मोटारसायकलवर बसली.