यॉर्कच्या कमानी

टोकियोतल्या तोयोसु स्टेशनवर लिफ्टच्या रांगेत सगळे गप्प होते. माझ्यामागचे मायलेक तेवढे मराठीत बोलत होते.

"आई, इंग्लंडमधली ती यॉर्कची पायी सहल मी रद्द करतोय. गुडघे बघ तुझे."

"जयेश, तीस वर्षं आर्किटेक्चरच्या पोरांना तिथल्या कमानी फळ्यावर काढून शिकवल्या. एकदा खऱ्या बघू दे."

"बसमधून बघ की."

"कमानीखाली मान वर करून उभं राहावं लागतं. बसला छप्पर असतं."

"आणि चर्चच्या मनोऱ्याचे जिने?"

"त्याचाच सराव करते. तू ये लिफ्टने."

"अगं आई, थांब!"

वर लिफ्टचं दार उघडलं, तेव्हा जयेशच्या आई जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"बघ, दम लागला ना?"

"लागला. पण गाइडच्या चुका काढण्यापुरता उरलाय."