बसड्रायव्हरचं पाठांतर

पार्सिपनी या अमेरिकन गावातल्या नाट्यगृहात मध्यंतर झालं आणि सावनी कॉफीच्या रांगेत उभी राहिली. तिच्या पुढेच सत्तरीचं एक मराठी जोडपं गप्पा मारत होतं. आत मध्यंतरापर्यंत एक आयरिश नट स्वतः लिहिलेल्या एकपात्रीत आपलंच आयुष्य सांगत होता.

“अहो, पन्नाशीपर्यंत बस चालवली त्याने! पहिलं नाटक डेपोत बसून लिहिलं.”

“आणि पहिल्याच प्रयोगात ब्लँक झाला.”

“झाला, पण पळाला नाही.”

“नाटक संपलं की आत जाऊन भेटू या त्याला.”

“हे काय पुणं आहे? इथे नाही सोडत कोणी आत.”

“मग बाहेर दाराशी थांबू. पाठांतर कसं करतो ते विचारायचंय.”

“तुम्हाला कशाला हवंय?”

“अगं, मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात मला घेतलंय. सासऱ्याचं काम. शनिवारी वाचन आहे.”

“मला कधी सांगणार होतात?”

“तू हसशील म्हणून नाही बोललो.”

“अहो, त्यात सासू मी आहे! मीही तुम्हाला घाबरूनच गप्प होते. ‘सासरे अगदी नवखे आहेत, सांभाळून घ्या,’ म्हणाला दिग्दर्शक.”

“मग घे की. घरी दुसरं काय करतेस?”