मेघनाचे दोर पाण्यात ठेवू नका

कोलशेतच्या माझ्या सगळ्या मंडळींनो, ठाकुर्लीहून आलेल्या व्याह्यांनो, विहीणबाई, मेघना शिकवायची त्या कॉलेजातल्या पोरींनो,

मला माईकसमोर उभं केलंत खरं, पण मी बोलू काय? सुनेच्या शोकसभेत सासूनं बोलायचं? आयुष्यभर मासळी विकली मी, बाजारात माझा आवाज पार टोकाला जायचा. आज हा माईक लागतोय. अशी सभा माझ्यासाठी भरायची होती. बोलायचं तिनं होतं.

अजून डोक्यात शिरत नाय माझ्या. मंगळवारी सकाळी चहा पिताना म्हणाली, "आई, जरा डोकं दुखतंय." मी म्हटलं, "ऊन लागलं असेल, बाम चोळ." बाम चोळून कॉलेजला गेली. दुपारी माझ्या लेकाचा, राजेशचा फोन, डोक्यात रक्तस्राव झालाय म्हणून. आम्ही हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं. अरे, असं कसं? डोकं कुणाचं दुखत नाय? काल मी तिच्यापुरते पण तांदूळ धुतले. धुऊन झाल्यावर कळलं.

लग्न होऊन आली तेव्हा हिला बोंबील साफ करता येत नव्हता. मूळ घाटावरच्या घरातली पोर. आणि ही आम्हा कोळ्यांना खाडी शिकवणार? मी तोंडावर बोललेले तिला. हसली. म्हणाली, "आई, खाडी तुमचीच. मी फक्त तिचं पोट साफ करते."

तिचे दोर तुम्ही बघितलेत. बांबूचा तराफा, त्याला सोडलेले दोर, दोरांना चिकटलेली शिनाणी, ते काळे-हिरवे शिंपले. ती काय सांगायची? आपल्या मोऱ्या-संडासाचं पाणी खाडीत जातं, ते म्हणजे खतच. त्या खतावर शेवाळ माजतं, आणि शेवाळ कुजलं की मासा गुदमरतो. शिनाणी ते शेवाळ गाळून खातात आणि फुगतात. शिनाणी वर काढली की खत पण बाहेर आलं. फक्त ती खायची नाय. घाण त्यांच्या पोटात असते. रस्त्याकडेच्या झाडांना घालायची.

पहिल्या वर्षी एवढी टपोरी शिनाणी बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं. टोपलीभर घरी आणली, कांदा चिरायला घेतला. तिनं टोपली ओढून घेतली. सासूच्या हातातली! म्हणाली, "मला मारा आई, पण हे खाऊ नका." मी चार दिवस अबोला धरला. ती रोज येऊन, "आई, भाजी काय करू?" विचारायची. उत्तर नाय मिळालं की भेंडी करायची. भेंडी खाऊन खाऊन शेवटी मीच बोलले.

आता मघाशी माझे दीर, नारायणभावजी, इथंच म्हणाले, गाव सुतक पाळेल, बाराव्यापर्यंत कोणी होडी सोडणार नाय. आणि मेघनाचे दोर कायमचे तसेच ठेवायचे, तिची आठवण म्हणून. वर तिच्या नावाची पाटी. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्यात. माझा राजेश पण हलवत होता.

भावजी, रागावू नका. तुमचा जीव होता तिच्यावर, ते मला ठाऊक आहे. पण पाऊस तोंडावर आलाय. वरनं गोडं पाणी उतरलं की शिनाणी मरतात. मरतात, गळतात, तळाला जाऊन कुजतात. वर्षभर जेवढी घाण त्यांनी पोटात घेतली, ती सगळी परत खाडीत. आणि वर पाटी कुणाच्या नावाची? मेघनाच्या! तिला हे चालेल? सांगा ना, चालेल?

दरवर्षी पावसाआधी शेवटचा दोर वर येईपर्यंत ती आम्हाला नीट जेवू द्यायची नाय. सोमवारीच मला म्हणाली, "आई, यंदा दोर जड झालेत, होड्या जास्त लागतील. गावाला तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात." मी म्हटलं, "सांगीन गो, घाई काय आहे?" घाई काय आहे, म्हटलं मी.

तर मंडळी, सांगते. सुतक माझ्या घरचं आहे. ते मोडायचं पाप माझ्या माथी. उद्या भरती लागली की पहिल्या होडीत मी बसणार. राजेश, रडायचं तेवढं रड बाबा, पण होडीत बसून रड. विहीणबाई, तुम्हाला यायचं असेल तर माझ्या शेजारी बसा. मी धरीन तुम्हाला. बाकी ज्याच्याकडे होडी आहे, त्यानं आणावी. भावजी, तुमची मोठी होडी लागेल.

आता सगळ्यांनी उभं राहा.

मेघना, पोरी, सासूनं सुनेच्या पाया पडायची आपल्यात रीत नाय. सुतकात होडी काढायची पण रीत नाय. एक मोडायला निघालेच आहे, तर दुसरी पण मोडते.

पाया पडते गो तुझ्या.