भाकरीतलं बारावीचं गणित

"गणिताच्या मॅडम ट्रेनिंगमध्ये नापास झाल्या म्हणं, आता अकरावीचा वर्ग..." एवढंच कानावर पडलं अन् पिठाची गिरणी सुरू झाली. पुढचं काही ऐकू आलं न्हाई. माझी पोरगी त्याच वर्गात. वर्ग बंद पडला तर तिला रोज अंबाजोगाईला कोण धाडणार? तिचे वडील शिक्षणच थांबवतील. मॅडम आमच्या शेजारीच राहतात. दळण तिथंच टाकून मी तडक त्यांच्याकडं गेले.

"मॅडम, खरं हाय का?"

"खरंय मावशी. नवा नियम आलाय. अकरावी-बारावीचं गणित शिकवायचं तर आधी पाठ घेऊन दाखवावा लागतो. माझा पाठ समजलाच नाही म्हणाले. उद्या शेवटची संधी. बरं झालं आलात, बसा. तुम्हाला शिकवून बघते."

"मला? मी सातवी शिकलेली बाई!"

"म्हणूनच. सांगा, थापताना भाकरी आधी भराभर वाढते, नंतर हळूहळू. असं का?"

"त्यात काय! थाप तेवढीच, पण भाकरी मोठी झाली की कड लई लांब होती. मग सगळीकडं थोडं थोडंच सरकणार की."

मॅडमनी पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "मावशी, वाढीचा वेग असा कमी का होतो, हेच बारावीच्या पुस्तकात आहे."

मी माझे हात उलटेपालटे करून बघितले. तीस वर्षं रोज बारावीचं गणित थापत होते मी!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भाकरीचाच पाठ घेतला अन् पास झाल्या. मी दळण आणायला गेले, तर गिरणीत तीच कुजबुज.

म्हटलं, "नापास झाल्या होत्या हे खरं हाय बायांनो. पण वर्ग काही बंद होत न्हाई. मी शिकवलंय त्यांना."