झावखानचं मत

यांज्मा : हजार किलोमीटर गाडी हाणत आलीस आणि दारातूनच कामाचं काढतेस? आधी बस, दुलमा. चहा उकळतोय.

दुलमा : चहा पोटात गेला की मला बोलता येणार नाही. आधी बोलू दे.

यांज्मा : तुझं काम ठाऊक आहे मला. रेडिओवर ऐकलं. बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षपदाला उभी आहेस. आणि आमच्या झावखान प्रांताचं मत माझ्या हातात.

दुलमा : एकेचाळीस मतं आहेत. वीस मला, वीस न्यामजावला. राहिलीस तू. पण मत मागायच्या आधी दुसरंच सांगायचंय. अडतीस वर्षांचं राहिलेलं.

यांज्मा : बुडापेस्टचं.

दुलमा : कसं ओळखलंस?

यांज्मा : आपल्या दोघींत न बोललेलं दुसरं आहे काय?

दुलमा : बुडापेस्टच्या स्पर्धेसाठीच्या निवडीत तू पहिली आलीस, मी दुसरी. संघात जागा एकच. बैठकीत सगळे म्हणाले, यांज्माच्या अंगावर चार महिन्यांचं पोर, डाव अर्धा टाकून पाजायला उठेल. मग मला विचारलं, तुझं काय म्हणणं?

यांज्मा : तू काय म्हणालीस?

दुलमा : काहीच नाही. मान खाली घातली. एवढंच सांगायचं होतं, की अहो, पोर मांडीवर घेऊनच हिने मला हरवलंय. तेवढं तोंडातून निघालं नाही. मला जायचं होतं गं, यांज्मा. फार जायचं होतं.

यांज्मा : आणि गेलीस.

दुलमा : गेले. शिव्या घाल.

यांज्मा : त्या तेव्हाच घालून झाल्या. दोन उन्हाळे घोड्या दोहताना तुझ्या नावाने बोटं मोडली. त्यातच बुडापेस्टहून तुझी पत्रं यायला लागली, एकेका डावाच्या सगळ्या चाली लिहिलेली. मी एका हाताने पोरीला धरायची, दुसऱ्या हाताने तुझा डाव मांडायची. सातव्या फेरीत हत्ती कुठे नेलास ते बघून चमचा फेकला होता मी.

दुलमा : वाईट चाल होती ती.

यांज्मा : वाईट? तिला चाल म्हणायची लाज वाटते! घे, चहा घे आता.

दुलमा : हा माझा जाहीरनामा. चौथा मुद्दा वाच.

यांज्मा : चष्मा कुठे गेला... हं. लेकुरवाळ्या खेळाडूला सोबत माणूस नेता येईल. पाजायला उठली तर तेवढा वेळ घड्याळ थांबेल. हे माझ्या मतासाठी?

दुलमा : खाली तारीख बघ. वसंतात छापलाय. तू मत दे, नको देऊस, हा मुद्दा राहणार.

यांज्मा : नाहीच देता येणार, दुलमा. न्यामजावला शब्द दिलाय. माझ्या बुद्धिबळाच्या वर्गात भिंतीला आतून बर्फ धरायचं, मुली हातमोजे घालून सोंगट्या उचलायच्या. तो आला, बघितलं, आठवड्यात शेगडी बसवून गेला. मताचं नाव काढलं नाही त्याने. मीच म्हटलं, झावखान तुझं.

दुलमा : म्हणजे मी पडले.

यांज्मा : नाव मागे घेशील?

दुलमा : छे. वीस जणांनी मला शब्द दिलाय, त्यांना काय सांगू?

यांज्मा : रागावलीस माझ्यावर.

दुलमा : तू शब्द मोडला असतास तर रागावले असते. रडू येतंय, ते वेगळं.

यांज्मा : ये इकडे. अशी ये. रड पोटभर, मग जेवू.

(बारा दिवसांनी. उलानबातर. सभागृहाबाहेरचा जिना.)

दुलमा : इथे उन्हात एकटीच बसलीस होय! आत सगळे तुला शोधताहेत.

यांज्मा : एका मताने पाडलं तुला. आत तोंड कुठे दाखवू?

दुलमा : एकवीस जणांनी पाडलं. सगळं आपल्या अंगावर ओढून घ्यायची तुझी खोडच आहे. पण नंतर उठून उभी काय राहिलीस! कुणी सांगितलं होतं?

यांज्मा : कुणी कशाला सांगायला हवं? मत टाकलं, शब्द पाळला. मग म्हटलं, आता पडलेल्या बाईचा चौथा मुद्दा मी ठराव म्हणून मांडते. बुडापेस्टचं सांगितलं तेव्हा तुझं नाव मात्र नाही घेतलं हं.

दुलमा : म्हणून मी घेतलं.

यांज्मा : काय गरज होती? सगळे बघायला लागले तुझ्याकडे.

दुलमा : बघू देत. बोलले एकदाची.

यांज्मा : आणि एकेचाळीस हात वर! न्यामजाव पण म्हणाला, उद्यापासून लागू.

दुलमा : माणूस बरा आहे. करेल.

यांज्मा : तू बरी आहेस का?

दुलमा : होईन. तू चार दिवस राहा माझ्याकडे.

यांज्मा : राहते. अगं, ती पोर कोण धावत जिना चढतेय? पोटुशी दिसतेय, हळू जा म्हणावं.

दुलमा : ओयुन्दारी. यंदाच्या निवडीत पहिली आलेली. संघातून नाव काढा म्हणून परवाच पत्र दिलंय तिने.

यांज्मा : मग आता कुठे निघालीय?

दुलमा : पत्र परत मागायला.