टाकी फुल

गंगापूर रोडच्या पंपावर रांगेत वैष्णवीच्या पुढे एक आजोबा जुन्या मोटारसायकलवर बसले होते. मागच्या सीटवर आजी.

आजी गाडीकडे बघत म्हणाल्या, "वर्षभर अंगणात खोलून ठेवलं होतं हिला. पाव्हण्याला बसायला जागा नाय."

"आता एका किकला चालू होती ना?"

"होती, अन् सगळ्या गल्लीला धूर पाजती."

"कार्बोरेटर साफ केल्यापासून धूर बंद झालाय, लंका."

"आवाज तर पिठाच्या गिरणीवानी. चांदवडला नेलं तर माझी हाडं खिळखिळी झाली."

"येताना तूच म्हणाली, सावकाश चालवा."

"हाडं दुखत होती म्हणून."

त्यांचा नंबर आला. पंपावरच्या माणसानं विचारलं, "किती टाकू?"

आजीच म्हणाल्या, "टाकी फुल कर. नामपूरला जायचंय."

आजोबांनी मागं वळून विचारलं, "नामपूरला? तिथं काय काम काढलं?"

"काम कशाला लागतं? रस्ता लांबचा हाय."