शून्याचे साहेब

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आरोग्याधिकारी साहेब, वहिनी, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो,

साहेब आज निवृत्त होत आहेत. शाळकरी मुलांच्या तंबाखूचा आलेख त्यांनी सात वर्षं शून्यावर ठेवला. एवढं सातत्य कुणाला जमतं?

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी मात्र घोळ घातला. ‘तंबाखू खाणारे विद्यार्थी’ या रकान्यात खरा आकडा लिहिला. सतरा. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन. “बाई, हात चुकला का?”

“नाही साहेब. तोंडं उघडून मोजलीत.”

साहेब स्वतः आले. मी नववीच्या मुलांना तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. साहेबांच्या प्रत्येक कार्यक्रमात तंबाखूविरोधी शपथ खणखणीत म्हणणारी मुलगी पुढे आली. जेमतेम दीड बोट गेलं. गुटख्याच्या पुड्या चघळून गाल आतून आखडले होते. तिला रडू आवरेना. साहेब म्हणाले, “शपथ मात्र स्पष्ट म्हणते हो!” आणि रकान्यात शून्य घालून गेले. त्या शून्याला फिरती ढालही मिळाली.

पुड्या यायच्या मागच्या भिंतीतून. टपरीवाल्यानं एक वीटच काढून ठेवली होती. साहेबांना कळवलं, तर “भिंत आमच्या खात्यात येत नाही.” शेवटी त्या मुलीचे वडील थापी-घमेलं घेऊन आले. गवंडी माणूस. पलीकडून टपरीवाला ओरडला, “माझ्या पोटावर पाय देताय!”

“माझ्या पोरीच्या तोंडात घास मावत नाही,” ते म्हणाले आणि भोक लिंपून टाकलं.

मुलीवर उपचार चालू आहेत. आता दोन बोटं जातात.

यंदाचा फॉर्म मी थेट वरच्या कार्यालयात पाठवला. नऊ. सतराचे नऊ झाले, पण साहेबांच्या आलेखात शून्याचे नऊ! ढाल परत गेली. असो.

गेल्या आठवड्यात साहेब नातीच्या प्रवेशासाठी आले होते. शिपाई बाहेर जाईपर्यंत थांबले, मग हळूच म्हणाले, “बाई, खरे किती आहेत हो?”

“नऊच.”

नातीचा अर्ज पुढे सरकवत म्हणाले, “तिला पहिल्या बाकावर बसवा. तुमच्या नजरेसमोर.”

बसवते, साहेब. फक्त एवढंच, की त्या नऊ जणांनाही आजोबा आहेत.

माझ्यासारखीला दोन शब्द बोलू दिलेत, आभारी आहे. जिभेला हाड नसतं. काही अधिक-उणं निघून गेलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.